चंद्र, सूर्य आणि पंचांगकर्ते : महाराष्ट्रातील कालगणनेच्या समतोलाचा इतिहास

कालगणनेचा मूळ प्रश्न असा आहे की, माणसाने काळ मोजण्यासाठी ज्या दोन ज्योतींचा आधार घेतला त्यांच्या गती एकमेकींशी जुळत नाहीत. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, त्यामुळे असे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात. सूर्याला मात्र त्याच नक्षत्रापाशी परत येण्यास ३६५ दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो, आणि दरवर्षी सुमारे अकरा दिवसांची तफावत उरते. या तफावतीला सामोरे जाण्याचे दोन टोकाचे मार्ग जगभर रूढ झाले. एका मार्गाने सूर्याकडे पाठ फिरवून केवळ चंद्राला प्रमाण मानले, तर दुसऱ्याने महिना हे नाव ठेवूनही चंद्राशी असलेले त्याचे नाते तोडले. हिजरी कालगणना हे पहिल्या मार्गाचे आणि ग्रेगरियन कालगणना हे दुसऱ्याचे उदाहरण होय. महाराष्ट्रात या दोन्ही गणना राज्यकर्त्यांबरोबर आल्या आणि वापरल्या गेल्या, तरी गावगाड्याचे व घराघरांतील व्रतवैकल्यांचे जीवन तिसऱ्याच, म्हणजे चांद्रसौर गणनेवर चालत राहिले. त्या गणनेचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, येथे समतोल म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मधला एखादा स्थिर बिंदू नव्हता. चूक किती साठू द्यायची, ती कोणत्या क्षणी आणि कोणाच्या संमतीने दुरुस्त करायची, याविषयीचा तो एक नियम होता.

या नियमाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे अधिकमास. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत प्रवेश करतो त्या क्षणाला संक्रांत म्हणतात, आणि चैत्रादी चांद्रमासांची नावे त्या त्या महिन्यात कोणती संक्रांत होते यावरून ठरतात. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत होत नाही त्याला स्वतःचे नाव मिळत नाही. तो पुढील महिन्याचे नाव घेऊन ‘अधिक’ ठरतो आणि त्यानंतरचा महिना ‘निज’ म्हटला जातो. सिद्धान्तग्रंथांतील मध्यम मानाने ही स्थिती बत्तीस महिने, सोळा दिवस आणि चार घटींनी, म्हणजे तेहतिसाव्या महिन्यात येते. घटी म्हणजे चोवीस मिनिटे. एकोणीस वर्षांत असे सात महिने धरले की चंद्र आणि सूर्य यांचा हिशेब काही तासांच्या फरकाने मिळतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे दरवर्षी अकरा दिवस घुसडून चंद्राची लय मोडलेली नाही, आणि तफावत अनिर्बंध वाढू देऊन श्रावणाला उन्हाळ्यातही जाऊ दिलेले नाही. तफावत एका महिन्याएवढी होईपर्यंत ती सोसायची आणि मग एकदम पुरती फेडायची, अशी ही व्यवस्था आहे.

सूर्याची भासमान गती वर्षभर सारखी नसल्यामुळे हा नियम वाटतो तितका यांत्रिक नाही. उन्हाळ्यात सूर्य मिथुन राशीत साडेएकतीस दिवसांच्या आसपास राहतो, तर हिवाळ्यात धनु राशी तो सुमारे साडेएकोणतीस दिवसांत ओलांडतो. म्हणून अधिकमास बहुधा चैत्र ते आश्विन या महिन्यांत पडतात, आणि हिवाळ्यात क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येऊन एका महिन्याचे नावच गळते. या गळलेल्या महिन्याला क्षयमास म्हणतात, आणि ज्या वर्षी तो येतो त्या वर्षी त्याच्या आगेमागे दोन अधिकमास येऊन हिशेब पुन्हा सरळ होतो. भास्कराचार्यांनी शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त क्षयमास बहुधा १४१ वर्षांनी आणि कधी १९ वर्षांनी येतो असे नोंदविले आहे, आणि १८२२, १९६३ व १९८२-८३ या वर्षांत आलेल्या क्षयमासांनी ते विधान खरे ठरविले. शास्त्रातला हा अपवाद लोकांच्या फारसा ध्यानात राहिला नाही, परंतु अधिकमासाभोवती मात्र आचारांचे एक जाळे विणले गेले. मुंज, लग्न, वास्तुशांती यांना वर्ज्य ठरलेल्या या महिन्याला ‘मलमास’ म्हणत, तसाच ‘पुरुषोत्तममास’ म्हणून त्याला दानाचा महिनाही मानत. धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात लेकीला आणि जावयाला बोलावून जेवू घालायचे, आणि तेहतीस अनारशांचे किंवा तशाच जाळीदार पदार्थांचे वाण जावयाला द्यायचे, ही रूढी महाराष्ट्रात अजूनही जिवंत आहे. मराठवाड्यात त्यासाठी पुरण भरून कणकेचे ‘धोंडे’ करतात. गणिताला नकोशा वाटणाऱ्या उरलेल्या महिन्याला समाजाने अशा रीतीने स्वतःचे काम नेमून दिले.

चंद्राच्या टोकाचा अनुभव महाराष्ट्राला चौदाव्या शतकापासून आला. शुद्ध चांद्र असलेली हिजरी गणना धर्मकृत्यांसाठी पुरेशी असली तरी सारा वसूल करणाऱ्या राज्याला ती अडचणीची होती, कारण तिचे वर्ष ऋतूंमधून मागे मागे सरकते आणि सुमारे बत्तीस सौर वर्षांत तिची तेहतीस वर्षे होतात. अशा वर्षाप्रमाणे सारा मागायचा म्हटले तर बत्तीस पिकांवर तेहतीस वर्षांची आकारणी करावी लागली असती. या अडचणीतून दख्खनमध्ये सुहूर सन निघाला. त्याचा आरंभ इ. स. १३४४ मध्ये, म्हणजे हिजरी ७४५ या आकड्यावर मानला जातो. वर्षांक हिजरीचा घ्यायचा, परंतु वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलायचे, अशी ही तडजोड होती, आणि म्हणूनच त्याला मृगसाल असेही नाव पडले. पेरणीच्या तोंडावर सुरू होणारे वर्ष कुणब्याला आणि मामलेदाराला सारखेच सोयीचे होते. बहमनी व नंतरच्या शाह्यांकडून हा सन मराठ्यांच्या दफ्तरात आला. मराठी कागदांवर सुहूर सनाचा अंक अरबी शब्दांनी लिहिलेला आणि महिन्याची तारीख हिजरी चांद्रमासाची, तिच्याआधी ‘छ’ हे चंद्रदर्शक अक्षर, असा दुहेरी कालनिर्देश आढळतो. त्याच कागदावर अनेकदा शालिवाहन शकाची तिथीही असते. पेशवाईतील कारकून वर्ष सूर्याचे, तारीख मुसलमानी चंद्राची आणि तिथी पंचांगाची लिहीत असे आणि या तिहेरी हिशेबात त्याला विसंगती वाटत नसे. सुहूर सनाचा वर्षांक ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सनात बदलता येतो, पण छ तारखेसाठी वेगळी कोष्टके लागतात. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला जंत्री हाताशी ठेवावी लागते ती यामुळेच.

चांद्रसौर पंचांग चालविणारा व्यावसायिक म्हणजे जोशी. गावच्या बलुतेदारांत त्याची गणना होत असे आणि त्याचे जोशीपण हे वतन असे. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे मांडणे, पाडव्याला संवत्सरफल वाचून दाखविणे, लग्नाचे व पेरणीचे मुहूर्त सांगणे, ही त्याची कामे. प्रत्येक गावच्या जोशाला ज्याचापांचे, म्हणजे त्रिकोणमितीचे, गणित करणे शक्य नव्हते, आणि सिद्धान्तग्रंथांतील युगारंभापासूनचे अवाढव्य आकडे तर त्याच्या आवाक्याबाहेरचेच होते. ही अडचण कोकणातील नांदगाव येथील गणेश दैवज्ञ यांनी ओळखली. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः आकाशाचा वेध घेणारे ज्योतिषी होते. गणेशांनी शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हा आरंभकाल धरून ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचला; जवळचा आरंभकाल घेऊन सोप्या रीतींनी ग्रहस्थिती काढून देणाऱ्या ग्रंथाला करणग्रंथ म्हणतात. त्यांनी ज्याचापांचे गणित पूर्णपणे टाळले, अकरा वर्षांच्या सुमाराचे ४०१६ दिवसांचे चक्र कल्पून आकडे लहान ठेवले, आणि तरीही फळ आकाशाशी जुळेल इतके सूक्ष्म राखले.

‘ग्रहलाघवा’ची खरी थोरवी मात्र सोपेपणात नसून त्याने परस्परविरोधी परंपरांना ज्या रीतीने वागविले तिच्यात आहे. त्या काळी ज्योतिषात सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष होते, आणि प्रत्येक पक्षाचा अनुयायी आपल्या ग्रंथाला अपौरुषेय अथवा निदान अढळ मानीत असे. गणेशांनी कोणताही एक पक्ष संपूर्ण स्वीकारला नाही आणि संपूर्ण टाकलाही नाही. सूर्य आणि चंद्राचे उच्च त्यांनी सौरपक्षातून घेतले, चंद्र त्याच पक्षातून पण नऊ कला (अंशाचे साठावे भाग) वजा करून घेतला. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षातून, शनी त्याच पक्षातून पण पाच अंश मिळवून, आणि बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षातून घेतले. शुक्राच्या बाबतीत एकही पक्ष आकाशाशी जुळेना, तेव्हा त्यांनी आर्य आणि ब्राह्म यांच्या मध्यावरील मान घेतले. शुक्राचा अस्त असताना लग्ने होत नसल्यामुळे हा मध्य निव्वळ गणिती नव्हता. त्यावर गावोगावचे मुहूर्त अवलंबून होते. या सगळ्या निवडीची कसोटी एकच होती, आणि ती म्हणजे दृक्प्रत्यय, अर्थात गणिताने सांगितलेली गोष्ट डोळ्यांना आकाशात दिसणे. केशव दैवज्ञांनी आपल्या ‘ग्रहकौतुका’वरील टीकेत पुढच्या गणकांनी ग्रहयुती, उदयास्त आणि ग्रहणे पाहून मानांत फेरफार करावा, असे सांगून ठेवले होते, म्हणजे दुरुस्तीचा अधिकार त्यांनी पुढील पिढ्यांना आधीच देऊन टाकला होता.

पुढील पिढ्यांनी मात्र ग्रंथ घेतला आणि अधिकार सोडला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून कृष्ण दैवज्ञांनी ‘करणकौस्तुभ’ हा नवा करणग्रंथ रचल्याची नोंद आहे, परंतु तो फारसा प्रचारात आला नाही. ‘ग्रहलाघव’ आणि त्याच्याच कर्त्याची ‘तिथिचिंतामणी’ ही सारणी यांवर महाराष्ट्रातील पंचांगे तीनशे वर्षांहून अधिक काळ होत राहिली. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले, तेव्हा हाताने लिहिलेल्या प्रतींऐवजी एकच पाठ घरोघर जाऊ लागला. छपाईच्या शाईत चरबी असते या शंकेने सनातनी घरे ते घेईनात म्हणून त्यांनी शाईसाठी तूप वापरले, असे सांगतात. छपाईमुळे पंचांग स्वस्त झाले, पण त्यातील चूकही आता सर्वत्र एकसारखी पसरली आणि ग्रहणाच्या वेळी सर्वांना एकदम दिसू लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चूक सुधारण्यासाठी जे प्रयत्न झाले त्यांत दोन टोके पुन्हा स्पष्ट झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय साधनांवरून ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या आधारे आबासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने शके १७८७ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी त्याहून पुढे जाऊन शके १८०६ पासून सायन पंचांग काढले. सायन गणना वर्षाचा आरंभ ताऱ्यांपासून न धरता वसंतसंपातापासून, म्हणजे दिवस आणि रात्र समान होतात त्या बिंदूपासून धरते, त्यामुळे ऋतू आणि महिने यांचा मेळ कायम राहतो. शास्त्रदृष्ट्या हा पक्ष भक्कम होता, परंतु त्याने संक्रांत बावीस दिवसांच्या सुमाराने मागे ओढली असती आणि बहुसंख्य लोकांनी तो स्वीकारला नाही. दुसऱ्या टोकाला धर्मशास्त्री होते. त्यांचा आक्षेप मुख्यतः तिथीच्या लांबीवर होता. जुन्या गणिताप्रमाणे तिथी फार तर पाच घटी वाढे आणि सहा घटी कमी होई, आणि ‘बाणवृद्धी रसक्षय’ या नावाने हे धर्मनियमच बनले होते. प्रत्यक्ष चंद्राच्या गतीप्रमाणे मात्र तिथी सुमारे पन्नास ते सदुसष्ट घटींपर्यंत कमी-अधिक होते. एकादशीचा उपवास आणि श्राद्धाचा दिवस कोणता, हे या काही घटींवर ठरत असल्याने वाद केवळ विद्वानांपुरता राहिला नाही.

बाळ गंगाधर टिळक हे छत्र्यांचे विद्यार्थी. राजकारणात जहाल गणल्या गेलेल्या टिळकांनी या वादात मात्र मधला पक्ष घेतला: गणित आकाशाशी जुळणारे हवे, पण वर्षारंभ ताऱ्यांवरून धरणारी निरयन परंपरा मोडू नये. १९०४ मध्ये मुंबईत आणि १९२० मध्ये सांगलीत भरलेल्या ज्योतिष संमेलनांत या प्रश्नांचा खल झाला. दृक्प्रत्ययाबद्दल हळूहळू एकमत होत गेले तरी एक गाठ सुटली नाही, आणि ती म्हणजे निरयन राशिचक्राचा आरंभबिंदू नेमका कोणता. वसंतसंपातापासून या आरंभबिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे अयनांश. रेवती नक्षत्रातील एक अंधूक तारा आरंभी मानणाऱ्यांचा रैवतपक्ष, आणि चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू मानणाऱ्यांचा चित्रापक्ष. दोहोंच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. टिळकांच्या नावाने रूढ झालेले पंचांग रैवतपक्षाचे, तर ‘ज्योतिर्गणित’कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रापक्षाचा पुरस्कार केला आणि पुढे बहुतेक पंचांगे त्याच बाजूला गेली.

चार अंश म्हणजे सूर्याचे सुमारे चार दिवस, आणि एरवी हा फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु संक्रांत अमावास्येच्या अगदी जवळ पडली की याच चार दिवसांनी अख्खा महिना बदलतो. २०२३ मध्ये असेच झाले. चित्रापक्षाप्रमाणे सिंह संक्रांत १७ ऑगस्टला, अमावास्या उलटल्यावर झाली, म्हणून १८ जुलैपासूनचा महिना अधिक श्रावण ठरला आणि गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला आली. रैवतपक्षाप्रमाणे तीच संक्रांत अमावास्येपूर्वीच होऊन गेली होती, त्यामुळे तो महिना नेहमीचाच श्रावण ठरला आणि टिळक पंचांग मानणाऱ्यांनी गणपती २० ऑगस्टला बसविला. दोन्ही गणिते आपापल्या जागी निर्दोष होती. फरक होता तो कोठून मोजायचे या संकेताचा. गणिताची अचूकता वाढविल्याने संकेताचा वाद मिटत नाही, ही गोष्ट या एका वर्षाने पुरती दाखवून दिली.

स्वतंत्र भारतात हा वाद शासनाच्या पातळीवर सोडविण्याचा प्रयत्न झाला. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली; तिच्यात नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हेही होते. देशात सुमारे तीस निरनिराळ्या गणना चालू असल्याचे समितीला आढळले. नागरी व्यवहारासाठी तिने शुद्ध सायन सौर वर्ष सुचविले, आणि त्याप्रमाणे २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. नावे चैत्र-वैशाखाची, पण चंद्राशी संबंध नाही आणि नक्षत्रांशीही नाही, अशी ही निर्मळ रचना होती. राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात तिला स्थान मिळाले, परंतु घरात ती शिरली नाही. घरात शिरली ती १९७३ पासून निघू लागलेली जयंत साळगावकरांची ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका, जिच्या एकाच चौकटीत इंग्रजी तारीख, तिथी, नक्षत्र आणि मुसलमानी तारीखही होती. पेशवाईतील कारकुनाचा तिहेरी हिशेब भिंतीवर लागला आणि समितीच्या एकसूत्री रचनेपेक्षा तोच अधिक टिकला.

धार्मिक पंचांगांबाबत समितीने केलेली सूचना अधिक मूलगामी होती आणि म्हणूनच कदाचित अधिक दुर्लक्षित राहिली. वसंतसंपात ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश मागे सरकत असल्याने निरयन वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे, आणि त्यामुळे सण ऋतूंमधून हळूहळू पुढे जातात. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात मकर संक्रांत आणि उत्तरायणाचा प्रत्यक्ष आरंभ एकाच सुमारास होत असे. आज उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेला लागते आणि संक्रांत जानेवारीच्या मध्यास येते. पानिपतचे युद्ध संक्रांतीच्या दिवशी झाले, हा सार्वत्रिक समज याच सरकण्याचा विसर पडल्यामुळे रूढ झाला आहे. १४ जानेवारी १७६१ पूर्वी तीन-चार दिवस संक्रांत होऊन गेली होती. समितीने अयनांश २३ अंश १५ कलांवर कायमचा थांबवावा असे सुचविले, म्हणजे झालेली चूक मागे न घेता ती पुढे वाढू देऊ नये, असा तो मार्ग होता. बहुतेक पंचांगकर्त्यांनी अयनांश वाढताच ठेवला.

चंद्र आणि सूर्य यांच्यातील तफावत फेडण्याचा नियम पंचांगाने फार पूर्वी घालून घेतला, कारण तिचे फळ तीन वर्षांच्या आत डोळ्यांसमोर येते. तारे आणि ऋतू यांच्यातील तफावतीसाठी असा नियम नाही, कारण तिला एका महिन्याएवढे होण्यास दोन हजारांहून अधिक वर्षे लागतात आणि कोणत्याही एका पिढीला तिची झळ पोचत नाही. केशव दैवज्ञांनी पुढच्या गणकांना दिलेली मुभा या बाबतीत अजून वापरली गेलेली नाही, आणि ती केव्हा वापरावी हे सांगणारा अधिकमासासारखा कोणताही ठरलेला क्षण पंचांगात नाही.